ज्यांची कैफियत लिहिली गेली नाही

जालन्याचा मस्तगड हा निजामुल्मुल्क आसफजाहच्या हुकुमाने काबिलखानाने इ.स. १७२५ च्या सुमारास उभारलेला भुईकोट; त्याच्या बालेकिल्ल्यावर बांधकामाचे साल सांगणारा फार्सी शिलालेख आहे, आत सज्जे आणि दालने असलेली प्रशस्त विहीर आहे, आणि पुढे याच बालेकिल्ल्यात नगरपालिकेचे दप्तर येऊन बसले. राज्यकर्त्याने आपली नोंद दगडात करावी आणि रयतेची नोंद दप्तरात व्हावी हा सर्वच अंमलांचा रिवाज होय. परंतु १९४८ साली या मुलखातील स्त्रियांच्या वाट्याला जे आले त्याची नोंद दगडानेही घेतली नाही आणि दप्तरानेही नाही. ती ज्या घरांत शिल्लक राहिली, त्या घरांनी तिच्यावर कुलूप घातले.

जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. १३ सप्टेंबर रोजी हिंदी फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १५ तारखेस जालना त्यांच्या ताब्यात आले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. त्यापूर्वीचे वर्ष रझाकारांच्या दहशतीचे होते. गावोगाव लुटालूट चालली होती, आणि सरहद्दीलगतच्या अनेक कुटुंबांनी लेकीसुनांना घेऊन वऱ्हाडासारख्या शेजारच्या मुलखात आश्रय शोधला होता. मुक्तिसंग्रामाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, आणि ते लिहिले जाणे उचितही होते. अनंत भालेरावांनी तो इतिहास मन लावून ग्रथित केला. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे शौर्य आज मुलांना सांगितले जाते. हाती शस्त्र घेणारी स्त्री अशी इतिहासात आली. जिच्यावर शस्त्र चालले, जी पळवून नेली गेली आणि परत आली किंवा आलीच नाही, तिला मात्र त्या इतिहासात ओसरीवरही जागा मिळाली नाही.

आणि ती एकाच धर्माची नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. शरणागतीनंतरच्या आठवड्यांत सूडाचे पारडे उलटले. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबर १९४८ पर्यंत संस्थानात फिरले. किमान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज त्यांनी मांडला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळलेले, तर औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक यांत मिळून किमान ५,००० मृत्यू. स्त्रियांवरील बलात्कार आणि त्यांचे अपहरण यांचाही त्यांनी निर्देश केला. काही जणींना संस्थानाबाहेर सोलापूर-नागपूरपर्यंत नेल्याचे नमूद केले. तो अहवाल दीर्घकाळ सरकारी दप्तरात बंद राहिला. त्यातले एक वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात एक अख्खी कादंबरी सामावली आहे: हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सहव्यवसायी विणकरांचे रक्षण केले, प्रसंगी प्राण देऊन केले, आणि पळवलेल्या मुसलमान स्त्रियांना परत आणण्यास अनेक हिंदूंनी साह्य केले. त्या परत आल्या, एवढे अहवाल सांगतो. परत आल्यावर दार कोणी उघडले, किती काळाने उघडले आणि त्या रात्री चूल कोणी पेटवली, हे तो सांगत नाही; ते सांगणे अहवालाचे काम नव्हे.

ते काम कथेचे आहे, आणि पंजाबने ते फार लवकर ओळखले. अमृता प्रीतम यांची ‘पिंजर’ १९५० साली आली. तिच्यातील पुरोचे अपहरण फाळणीच्या दंग्यात होतच नाही. दोन कुळांमधले जुने वैर, एकाने पूर्वी दुसऱ्याची स्त्री पळवली होती म्हणून, या मुलीच्या देहावर फेडून घेतले जाते, आणि ती पळून माहेरी येते तेव्हा माहेर तिला आत घेत नाही. राजिंदरसिंह बेदींच्या ‘लाजवंती’ कथेतील पतीचे नाव, योगायोगाने, सुंदरलालच आहे. अपहृत स्त्रियांना घरी घ्या अशी प्रभातफेरी काढणारा हा सुंदरलाल आपल्या पत्नीला खरोखर घरी घेतो, देवी म्हणून तिची पूजा करतो, आणि तिला तिची हकीकत सांगू देत नाही. सन्मानाने घातलेले मौन हे अपमानाने घातलेल्या मौनाइतकेच अभेद्य असते, हे बेदींनी जितक्या निर्दयपणे दाखविले तितके कोणत्याही चौकशी समितीला दाखविता आले नसते. सरकारने १९४९ साली अपहृत व्यक्तींच्या परतीचा कायदा केला. स्त्रीची स्वतःची इच्छा काय आहे, हे विचारण्याचे बंधन त्या कायद्याने स्वतःवर घातले नव्हते.

कोरियात तर कथेने साक्षीसाठी वाट मोकळी केली. जपानी लष्कराने दुसऱ्या महायुद्धात गुलामीत जखडलेल्या स्त्रियांविषयी युन जोंग-मो यांची कादंबरी १९८२ साली निघाली. किम हाक-सुन या वृद्धेने स्वतःच्या नावानिशी जाहीर साक्ष दिली ती १४ ऑगस्ट १९९१ रोजी. मधली नऊ वर्षे मला लक्षणीय वाटतात. एका साक्षीने इतरजणींना वाचा फुटली, आणि पुढे नोरा ओक्जा केलर यांच्या १९९७ च्या कादंबरीत अमेरिकेतील मुलगी मृत आईने मागे ठेवलेली ध्वनिफीत ऐकून आईचे पूर्वायुष्य जाणून घेते. किम सूम यांनी २०१६ साली, साक्षीदार एकेक करून निघून जात असताना, जाहीरपणे कधीच न बोललेल्या एका म्हातारीवर कादंबरी लिहिली. बांगलादेशाने १९७१ च्या युद्धातील पीडितांना ‘बीरांगना’ ही पदवी दिली, पण पदवी मिळूनही त्यांना घर मिळाले नाही. नीलिमा इब्राहिम यांनी त्यांच्या हकीकती ग्रंथबद्ध केल्या आणि शाहीन अख्तर यांच्या ‘तलाश’ने त्यांच्या पुढच्या आयुष्याचा माग काढला.

मराठीने या वाटेवर फारशी पावले टाकलेली मला दिसत नाहीत, आणि याचे कारण केवळ मराठवाड्यातील लेखकांची उपेक्षा नसावे. आपली सवय जुनी आहे. पानिपतच्या संहाराचा हिशेब मोती, मोहरा आणि खुर्दा यांत मांडणारे ते प्रसिद्ध पत्र आपण पिढ्यानुपिढ्या कौतुकाने सांगत आलो. भाऊसाहेबांच्या तोतयाची चौकशी आणि पार्वतीबाईंची निष्ठा यांवर लिहीत आलो. पण १७६१ च्या त्या दिवशी बाजारबुणग्यांतल्या ज्या बायका गुलाम म्हणून नेल्या गेल्या त्यांना कोणत्याच रकान्यात आपण बसविले नाही. कुळाची अब्रू ही कुळातील स्त्रीच्या देहात ठेवायची, आणि ती लुटली गेली की देहासकट विसरायची, ही रीत हिंदू घरात आणि मुसलमान घरात सारखीच पाळली गेली.

नामनिशाणीवाचून साक्ष नोंदविण्याची सोय कथेत आहे. मोमिनपुऱ्यातील एका घरात परत आलेली एक स्त्री आणि तिला सोबत करून आणणारा शेजारचा साळी, किंवा वऱ्हाडाच्या सीमेवर पोचण्यापूर्वी रझाकारांच्या हाती लागलेली एक कुणब्याची मुलगी, यांना नाव-गाव बदलून, कुळाची अब्रू आणि लेकीनातींचे सुख यांना धक्का न लावता, कोणी तरुण लेखक किंवा लेखिका पानावर आणू शकेल. आणि ज्यांना त्या वर्षीचे आठवते अशी माणसे आता फारच थोडी राहिली असल्याने, हे लेखन पुढच्या दशकावर सोपविता येण्यासारखे नाही.