खेळाचे नियम कोणाचे ?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या जिल्ह्यांतील नेवासें येथें शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, हें आपणांस ठाऊक आहेच. सापशिडीसारखा मोक्षपट हा खेळही ज्ञानेश्वर महाराजांनींच योजिला, अशी परंपरा आहे. त्यांत शिडी म्हणजे सद्गुण व साप म्हणजे दुर्गुण. ज्यास हवा त्यानें तो पट कापडावर काढून घ्यावा. परवानगीचा प्रश्नच नसे. पचिशीची गोष्ट मात्र परदेशीं निराळी झाली. १८७४ सालीं अमेरिकेंत 'पार्चीसी' हें नांव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलें गेलें, व इंग्लंडांत तिच्याच धर्तीवरील 'लुडो'चें पेटंट घेण्यांत आलें.

मग खेळाचे नियम कोणाच्या मालकीचे असूं शकतात काय ? भारताचा १९७० चा पेटंट कायदा खेळण्याच्या रीतीस शोध मानीत नाहीं. १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेचें नव्हे, तर ती ज्या शब्दांत वा चित्रांत मांडली त्यांचें रक्षण करितो. म्हणजे रीत सर्वांची. पुस्तकांतील वाक्यें लेखकाचीं.

कथानकाच्या खेळांत मात्र ही सीमा पुसट होते. १९७४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या खेळांत एक जण कथा चालवितो, बाकीचे एकेक पात्र घेतात, व बिकट प्रसंगाचा निकाल फांसे लावितात. त्याचे नियम शेंकडों पानें भरतात. तेथें रीत कोठें संपते व लेखन कोठें सुरू होतें, हें सांगणें कठीण. म्हणून २००० सालीं प्रकाशकांनीं खुला परवाना देऊन नियमांचा मोठा भाग इतरांस वापरूं दिला. त्या भरंवशावर अनेकांनीं पुस्तकें छापून आपला चरितार्थ चालविला. जानेवारी २०२३ मध्यें तो परवाना रद्द करून कडक अटी घालणारा मसुदा बाहेर फुटला. खेळणारे संतापले. त्याच महिन्याच्या २७ तारखेस प्रकाशकांनीं माघार घेतली आणि नियमांचें संकलन, मूळ कर्त्याचें नांव देण्याच्या अटीवर, कधींही परत न घेतां येणाऱ्या परवान्यानें सर्वांस खुलें केलें.

कडक परवान्यासही कांहीं आधार आहे. श्रम व पैसा खर्चणाऱ्यास मोबदला मिळावा, त्याच्या नांवावर निकृष्ट वस्तु खपूं नये, हें रास्तच. परंतु दिलेला शब्द फिरविणें निराळें. शेजाऱ्यानें घर बांधिल्यावर त्याखालची जमीन परत मागावी, तसें तें होतें.

म्हणून मुलांनो, सुटींत नवा खेळ रचाल तर रीत कोठूनही शिका, शब्द व चित्रें स्वतःचीं घाला, आणि ज्याचें कांहीं घेतलें त्याचें नांव पहिल्याच पानावर लिहा. आणि स्वतः कोणास कांहीं द्याल, तर तें परत मागण्याची सोय मनांत ठेवून देऊं नका.