सिकंदराने कौल लावला ते सिवा

देवाला कौल लावणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये सिकंदर असाच कौल घ्यायला निघाला. इजिप्त नुकता हाती आला होता, इराणचा सम्राट अजून पुरता हरलेला नव्हता. तरीही मोहीम बाजूला ठेवून तो भूमध्य समुद्राच्या काठाने पश्चिमेला गेला, आजच्या मार्सा मत्रूहच्या आसपास दक्षिणेला वळला आणि सुमारे तीनशे किलोमीटर वाळवंट तुडवून सिवा या मरूद्यानात पोहोचला. वाटेत पाणी संपलं, अवचित पाऊस पडला म्हणून माणसं वाचली, असं त्याचे चरित्रकार लिहितात. आज मत्रूहहून सिवाला डांबरी रस्ता जातो. दोन दिवस हाताशी असले तर मंदिरं, झरे आणि वाळूचा समुद्र असं सगळं पाहून होतं.

आधी अघुर्मीची टेकडी चढावी. माथ्यावर आमून देवाचं मंदिर आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातलं, फेरो अमासिसच्या काळातलं. गाभारा अगदी लहान, चुनखडीच्या भिंती साध्या. पण ग्रीक लोक याला त्यांच्या डेल्फीच्या कौलस्थानाच्या पंक्तीला बसवत. कौल कसा मिळे, याचं जुनं वर्णन वाचताना आपल्याला पालखीच आठवते: सोन्याच्या नावेत देव बसवायचा, ऐंशी पुजाऱ्यांनी ती खांद्यावर घ्यायची, मागून बायकामुली गात चालायच्या आणि देव ज्या बाजूला झुकवील तिकडे वळायचं. सिकंदराला पुजाऱ्याने ‘बाळा’ म्हणायला तोंड उघडलं आणि परक्या ग्रीक भाषेत अडखळून ‘देवपुत्रा’ म्हटलं, अशी एक गोष्ट ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने नोंदवली आहे. आत काय विचारलं, काय उत्तर मिळालं, हे सिकंदराने कोणालाच सांगितलं नाही.

या आमूनचं ग्रीक रूप अम्मोन, मेंढ्याच्या शिंगांचा देव. त्याचं नाव आपल्या घरापर्यंत आलेलं आहे. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकतो, भसकन पांढरा धूर येतो आणि नाकात झिणझिण्या येतात. त्या नवसागराला युरोपात ‘अम्मोनचं मीठ’ म्हणत, आणि अमोनिया हा शब्द त्यातूनच निघाला. गंडकी नदीतल्या ज्या शाळिग्रामात चक्र दिसतं, तो ज्या प्राचीन सागरी जीवाचा अश्म, त्याचं शास्त्रीय नाव अमोनाइट. तेही या देवाच्या वळलेल्या शिंगांवरूनच.

टेकडीखाली खजुरांच्या बागांत आमूनचंच दुसरं मंदिर होतं, उम्म उबैदा. आता एकच कोरीव भिंत उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका अधिकाऱ्याने बांधकामाच्या दगडांसाठी ते सुरुंग लावून उडवलं. त्या एका भिंतीवरच्या चित्रलिपीच्या ओळी पाहिल्या की बाकीचं काय गेलं या विचाराने जीव हळहळतो.

जवळच गोल बांधीव झरा आहे. क्लिओपात्राचं नाव त्याला चिकटलं आहे, पण ती इथे आल्याचा पुरावा नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इथल्या एका झऱ्याचं नवल लिहून ठेवलं आहे: पहाटे कोमट, दुपारी गार, मध्यरात्री उकळता. तो हाच, असं मानतात. खरं तर खोलातून येणाऱ्या पाण्याचं तापमान दिवसरात्र जवळपास सारखंच राहतं. दुपारी हवा भाजत असते म्हणून ते गार लागतं, वाळवंटातल्या थंड रात्री ऊन लागतं. आपल्या खोल विहिरीचं थंडीतलं पाणी असंच लागतं.

पण पाऊस जवळजवळ नसताना हे पाणी येतं कुठून? सिवा समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या खोलगटात आहे. त्याच्या पोटात इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांखाली पसरलेला वालुकाश्माचा जलसाठा आहे. सहारा हिरवं होतं तेव्हा मुरलेलं हे हजारो वर्षांपूर्वीचं पाणी इथे वर येतं. दक्षिणेला लगेच वाळूचा महासागर सुरू होतो. परवाना घेऊन, टायरांतली हवा कमी करून गाड्या टेकड्यांवर चढतात. अशाच वाळूत बीर वाहिदचा गरम झरा आहे आणि आसपास समुद्री शिंपल्यांचे अश्म विखुरलेले आहेत.

गावात परतल्यावर शालीचा किल्ला पाहावा. तो मीठमिश्रित मातीच्या ढेकळांचा आहे. स्थानिक शब्द ‘केर्शेफ’. भिंतीजवळ डोळे नेले तर मिठाचे खडे चमकताना दिसतात. सातशे वर्षं लोक यात राहिले. १९२६ मध्ये तीन दिवस पाऊस लागला आणि घरं अक्षरशः विरघळली.

आता संकट वेगळ्या पाण्याचं आहे. गेल्या काही दशकांत वारेमाप विहिरी खोदल्या गेल्या. बागांतून निथळलेल्या पाण्याला या खोलगटातून बाहेर नैसर्गिक वाट नाही. ते तळ्यांत साचतं, उन्हाने आटतं, मीठ मागे उरतं. तळी फुगतात तशी भूजलाची पातळी वर येते. पर्यटक ज्या निळ्या खाऱ्या डोहांत तरंगत फोटो काढतात, ते मीठ उपसल्याचे खड्डे आहेत. संध्याकाळी तळ्याकाठच्या फतनास बेटावर सूर्यास्त पाहायला सगळे जमतात. तिथे वाटाड्याला सांगून जरा बाजूच्या बागेत जावं आणि खजुराच्या बुंध्याशी बसावं. पायाखालची माती ओली असते, वर पांढरी खपली धरलेली, आणि मुळं त्यात गुदमरत असतात.