छोट्या ट्रॅक्टरला बॅकहो बसंल काय?

मंडळी, उन्हाळ्यात तळी आटली की गाळ काढायचा विषय निघतोच. कंग्राळीकडं मार्कंडेय काठाला कुणाकडं २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर असला की प्रश्न ठरलेला: याला मागं जेसीबीसारखा हात बसंल काय? बसतो. पण बघून बसवायला पाहिजे.

लोक आधी एचपी विचारतात. खरं बघायचं ते वजन आणि तेल. होडीची मागची फळी पेलंल तेवढंच इंजिन आपण बांधतो, तसंच हे. या ताकदीचे ट्रॅक्टर मागं साधारण ७५० किलो उचलतात. म्हणून ४०० किलोचा बॅकहो चालेलच असं धरू नका. तो मागं लांब लोंबतो; हात लांबवून भरली बकेट उचलली की पुढची चाकं हलकी होतात. एकूण वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या ॲक्सलवर राहावा, नाहीतर पुढं वजनं लावा.

तेलाचं गणित सोपं आहे. मिनिटाला किती लिटर, गुणिले दाब किती बार, भागिले ६००, म्हणजे किलोवॅट. पंप २० लिटरचा, दाब १५० बार, तर ५ किलोवॅट, एचपीत पावणेसात. इंजिन २४ चं असू दे, हाताला मिळणार एवढंच! जास्त तेल लागत असेल तर ५४० आरपीएमच्या पीटीओवर चालणारा वेगळा पंप आणि तेलाची टाकी घ्यावी लागते.

आता जोडणी. नुसत्या तीन पॉइंट लिंकेजवर बॅकहो टांगणं आम्हाला पटत नाही. दात दगडात अडकला की सांगाडा उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. शिवाय टॉप लिंकचा धक्का थेट हाउसिंगवर बसतो. ते तडकलं की ट्रॅक्टर मधून खोलायची पाळी. पोटाखालून जाणारी सबफ्रेम असलेलाच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

आणि कामाचा अंदाज? एक गुंठा तळ्यात फूटभर गाळ म्हणजे १०८९ घनफूट. दीड घनफुटाच्या बकेटनं सव्वासातशे खेपा. खेपेला ४० सेकंद धरले तर आठ तास. दहा गुंठ्याला जेसीबीच बोलवा, त्याची बकेट सहापट मोठी. पण अरुंद बांधावर सात टनांचं ते धूड जात नाही. चारी काढणं, फुटका बांध नीट करणं, तळ्यात पाणी घ्यायचा पाइप पुरणं, तिथं हा छोटाच बरा.