पगारापलीकडचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या महिन्यात शेजारचे गृहस्थ मुलाला घेऊन घरी आले. मुलगा सिव्हिल इंजिनीअर, एका बांधकाम कंपनीच्या साइटवर दोन वर्षे काम करतो. वडिलांचा आग्रह, नोकरी सोड आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बस. "काका, तुम्ही दोन्हीकडे काम केलंय, तुम्हीच सांगा," मुलगा म्हणाला. पाच वर्षे ठेकेदाराकडे आणि अठ्ठावीस वर्षे सरकारी खात्यात काढल्यावर असे प्रश्न टाळता येत नाहीत.

आधी पैशाचे पाहू. राज्य सरकारातल्या सहायक अभियंता, श्रेणी २ या पदाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगानुसार ४१,८०० रुपयांपासून सुरू होतो. महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. खासगीत सुरुवात बहुधा याहून कमी. पुढे कोणी झपाट्याने वर जातो, कोणी आहे तिथेच राहतो. आणि वडिलांच्या डोक्यात जी पेन्शन असते ती माझ्या पिढीची. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत लागलेल्यांसाठी ती राहिली नाही. अंशदानाची योजना आली, तिच्यातही पुढे बदल होत गेले. तेव्हा माझ्याकडे बघून हिशेब मांडू नका, असे मी त्यांना सांगितले.

खरा फरक कामाच्या जातीत आहे. ठेकेदाराकडे मी काँक्रीट ओतत होतो. स्लॅब असला की रात्रभर मिक्सरजवळ उभे राहायचे, सिमेंट संपले तर ट्रक शोधायला मीच पळायचो. काम हाताखालून जात होते, म्हणून शिकलो. पण सरकारी बिल अडकले की आमचा पगारही अडकायचा. एकदा तीन महिने अडकला.

ते बिल का अडकते, हे मला सरकारी नोकरीत गेल्यावर कळले. तिथे अभियंता स्वतः बांधत नाही. दुसऱ्याने बांधलेले मोजतो, आणि मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे आमच्या भाषेत एम.बी.त, लिहितो. तिची पाने क्रमांक घातलेली असतात, एकही फाडायचे नाही. आकडा चुकला तर खोडून शेजारी सही करायची, त्यावर गिरवायचे नाही. त्या नोंदीवरून ठेकेदाराचे बिल निघते. पाया मातीखाली जाण्याआधी मोजावा लागतो, कारण नंतर तो कोणालाच दिसत नाही. दहा वर्षांनी चौकशी झाली तरी सही तुमचीच निघते. अलीकडे बऱ्याच ठिकाणी ही नोंद संगणकावर होते, पण जबाबदारी तीच.

२००९ साली मी उपअभियंता होतो. एका लहान पुलाच्या पायाची नोंद तपासताना शंका आली आणि बुजवलेला एक खड्डा पुन्हा उकरायला लावला. खोली लिहिल्यापेक्षा हातभर कमी निघाली. मी माप कापले. चार महिन्यांत माझी बदली झाली. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ सांगितला आहे, पण विशेष कारण नोंदवून आधीही हलवता येते. माझे दीड वर्षही झाले नव्हते. मुलगी दहावीत होती. ती आणि तिची आई मागे राहिल्या, मी वर्षभर डबा लावून जेवलो. नोकरी मात्र गेली नाही, पगार एक दिवस चुकला नाही. ठेकेदाराकडे असतो आणि मालकाचे माप असे उघडे पाडले असते, तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो. सरकारी नोकरीतल्या स्थैर्याचा हा उपयोग सहसा कोणी सांगत नाही.

हे ऐकून मुलगा गप्प झाला. वडिलांनी विचारले, "मग याने नोकरी सोडायची की नाही?"

मी म्हटले, इतक्यात नको. पूर्व, मुख्य आणि मुलाखत यांत वर्ष सहज जाते, जागा थोड्या असतात, आणि साइट सोडून चार-पाच वर्षे अभ्यासिकेत बसलेल्या इंजिनीअरला परत घेताना कंपन्या कुरकुरतात. नोकरी सांभाळून एक परीक्षा द्यावी. पूर्व परीक्षा निघाली तर मुख्य परीक्षेसाठी बिनपगारी रजा मागावी. दोन प्रयत्नांत झाले नाही, तर तोपर्यंत चार वर्षांचा साइटचा अनुभव गाठीशी असेल. तो घेऊन त्याने मोठ्या कंपनीत अर्ज करावा.

जाताना मुलाने माझी जुनी टेप पाहायला मागितली. तीस मीटरची, कडेचे आकडे पुसट झालेली. मी ती त्याला देऊन टाकली.