तणनाशक, गोगलगाय आणि आपला स्वरस

पावसाळ्याच्या आरंभी नांदेड-लातूरच्या शिवारात तणनाशकांची फवारणी सुरू होते. पाठोपाठ मोठी सर आली की शेतातले पाणी ओढ्या-नाल्यांतून गोदावरी-मांजरेकडे उतरते. अशाच ओलसर काठांवर जलब्राह्मी व माका वाढतात आणि आपल्या औषधालयांत येतात. म्हणून हा विषय केवळ शेतीचा नव्हे, असे आम्हांस वाटते.

गोड्या पाण्यातील लिम्निया कुळातील गोगलगाय ही फॅसिओला या पर्णकृमीचा मधला आश्रय होय. शेणावाटे अंडी पाण्यात जातात, त्यांतील डिंभ गोगलगाईत वाढतात व पुढे पाणवनस्पतींवर कोश करून चिकटतात. अशी वनस्पती कच्ची खाल्ल्यास गुराढोरांस यकृतविकार जडतो; मनुष्यही त्यास अपवाद नाही. गोगलगाईमार्फत येणारा कृमिरोग महाराष्ट्रास अपरिचित नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी गाडगीळ व शहा यांनी १९५२ मध्ये मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमा कृमीचा प्रादुर्भाव नोंदविला होता.

तणनाशकाने गोगलगाई मरत असतील, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात उलटेही घडते. अमेरिकेतील पाणथळींवरील संशोधन २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. ॲट्राझीन या तणनाशकाने पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ मरते, पाणी नितळ होते, सूर्यप्रकाश तळाशी पोहोचतो आणि दगड-काड्यांवरचे शेवाळ फोफावते. गोगलगाईचे अन्न तेच. गोगलगाई वाढल्या, त्यांबरोबर पर्णकृमीही वाढले; शिवाय बेडकांची व्याधिप्रतिकारशक्तीही खालावली.

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमिचिकित्सेची तीन अंगे सांगितली आहेत: अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. त्यांपैकी तिसरे अंग येथे मोलाचे ठरते.

ओढ्याकाठच्या वनस्पतीचा कच्चा स्वरस रुग्णास देऊ नये. केवळ धुण्याने कोश निघतीलच असे नाही; उकळल्याने ते नष्ट होतात, मात्र तणनाशकाचा अंश उकळूनही उरू शकतो. म्हणून औषधालयचालकांनी वनस्पती कोठून आली, जवळ फवारणी होते काय, गुरे पाण्यात उतरतात काय, हे पुरवठादारास विचारून नोंदवावे. शक्य तेथे स्वच्छ पाण्यावर लागवड करून घ्यावी.

उजव्या कुशीतील वेदना, ज्वर व रक्तात इओसिनोफिल पेशींची वाढ आढळल्यास कच्च्या पाणवनस्पतींच्या सेवनाचा इतिहास अवश्य विचारावा आणि निदानासाठी रुग्णास त्वरित पुढे पाठवावे. औषध शुद्ध असावे, हा आग्रह आपण धरतोच. ते उगवते त्या पाण्याचाही विचार आता त्यात यावा.