स्कूप की ताट? स्नायूंच्या खुराकाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जिममध्ये नाव घातल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी प्रोटीन पावडरच्या डब्याचा विषय काढतो. डब्याशिवाय शरीर भरत नाही, असे जिममध्ये सांगितले जाते. पावडरीने किडन्या जातात, ते स्टेरॉइडच असते, असे घरी बजावले जाते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्यापायी एकीकडे पोरांचे पैसे जातात, तर दुसरीकडे काहींच्या ताटात खरोखर कमी पडणारी प्रथिने कमीच राहतात.

व्हे पावडर हा दुधाचाच एक भाग. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि २० टक्के व्हे. चीज करताना दुधाचा घट्ट भाग वेगळा झाला की हिरवट-पिवळे पाणी उरते. ते गाळून, आटवून, वाळवले की पावडर होते. घरी पनीर करताना फडक्यातून गळणारे पाणी त्याच जातीचे, मात्र दूध उकळलेले असल्याने त्यातली बरीचशी व्हे प्रथिने पनीरलाच धरून राहतात. स्टेरॉइड ही संप्रेरकासारखी काम करणारी औषधे. शुद्ध व्हे पावडरीशी त्यांचा संबंध नाही.

पावडरीने स्नायू वाढतात, हा सर्वांत खर्चिक गैरसमज. स्नायू वाढण्याची मागणी वजन उचलण्यातून, जोर-बैठकांतून निर्माण होते. ताण पडलेला स्नायू पुढचा दिवसभर, कधी दोन दिवस, नवी प्रथिने बांधण्याचे काम अधिक वेगाने करतो आणि आहार त्याला माल पुरवतो. २०१८ साली ४९ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले. व्यायामाच्या जोडीला जादा प्रथिने दिलेल्यांचे चरबीविरहित वजन इतरांपेक्षा सरासरी जेमतेम ३०० ग्रॅमने जास्त वाढले. दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने मिळाली की त्यापुढे सरासरीत फायदा दिसेनासा झाला. म्हणजे दीड-दोन महिन्यांत दिसलेला फरक मुख्यतः नव्याने सुरू केलेल्या व्यायामाचा असतो. श्रेय मात्र डब्याला मिळते.

दर किलोमागे १.६ ग्रॅम हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सामान्य प्रौढासाठी ०.८३ ग्रॅम सांगितले आहेत, त्याच्या हा जवळपास दुप्पट. साठ किलोच्या तरुणाला ९६ ग्रॅम लागतील. हे घरच्या जेवणातून जमते का, याचा हिशेब मांडून पाहावा. दिवसभराच्या पोळ्यांची १२० ग्रॅम कणीक सुमारे १३ ग्रॅम प्रथिने देते, १०० ग्रॅम तांदूळ ७ ते ८, ६० ग्रॅम तूरडाळ १३, मटकीच्या उसळीतली ४० ग्रॅम मटकी ८, अर्धा लिटर दूध १६, वाटीभर दही ५, मूठभर शेंगदाणे ७ आणि दोन अंडी १२ ते १३. बेरीज ८०च्या पुढे जाते. त्यात ३० ग्रॅम सोया वडी घातली की आणखी १५ ग्रॅम मिळतात आणि ९६चा पल्ला जवळपास गाठला जातो. अंडी न खाणाऱ्यांनी सोया वाढवावा किंवा पनीर घ्यावे.

हिशेब बिघडतो तो वरणाच्या वाटीपाशी. पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते २० ते २५ ग्रॅम, म्हणजे प्रथिने पाचच्या आसपास. भातावर दोन पळ्या वरण घेऊन ‘डाळ रोज खातो’ म्हणणाऱ्याला प्रथिने कमीच मिळतात. मोड आणल्याने प्रथिने वाढतात, ही समजूतही अशीच. १०० ग्रॅम मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. भिजून, मोड येऊन तेच मूग दुपटीहून जड होतात, पण ती वाढ पाण्याची. मोडांचे फायदे वेगळे आहेत, क जीवनसत्त्व वाढते, पचन सोपे होते. प्रथिने मात्र तेवढीच राहतात.

शाकाहारी प्रथिने ‘अपूर्ण’ म्हणून कुचकामी, असेही सांगितले जाते. गहू-तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी, डाळींत मेथिओनीन कमी. आमटी-भात, पिठले-भाकरी, खिचडी यांत एकाची उणीव दुसरे भरून काढते, आणि दोन्ही एकाच घासात असायला हवीत असेही नाही, दिवसभरात मिळाली तरी पुरते. दूध-दही सोबत असेल तर चिंता आणखी कमी.

तालमीतला खुराकही तपासून पाहायला हवा. कोल्हापूरच्या पैलवानाची थंडाई म्हणजे भिजवून सोललेले बदाम, खसखस, बडीशेप, वेलची, मिरी हे सगळे वाटून दुधात कालवलेले. २० बदामांतून प्रथिने मिळतात पाचच ग्रॅम. थंडाईची खरी देणगी ऊर्जा, आणि पहाटेपासून मेहनत करणाऱ्याला ती भरपूर लागतेच. ऊर्जा अपुरी पडली तर शरीर खाल्लेली प्रथिनेही जाळते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने तोच खुराक घेतला तर पोट सुटते. कच्ची अंडी फोडून पिण्याची सवय मात्र सोडलेली बरी. एका प्रयोगात शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिने पचली, कच्च्यातली निम्मीच. पिवळा बलक फेकण्यातही तोटाच आहे. व्यायामानंतर अख्खी अंडी आणि तेवढीच प्रथिने देणारे नुसते पांढरे यांची तुलना झाली, तेव्हा अख्ख्या अंड्यांनी स्नायूबांधणी अधिक चालू केली.

व्यायाम संपल्यापासून अर्ध्या तासात शेक प्यायलाच हवा, हा आग्रहही टिकत नाही. दिवसाची एकूण प्रथिने सारखी असतील तर वेळेने फारसा फरक पडत नाही. घरी जाऊन तासाभराने जेवले तरी चालते. मात्र सगळी प्रथिने रात्रीच्या एका जेवणावर सोडू नयेत. न्याहारीला नुसते पोहे-चहा घेणाऱ्याने सोबत दूध, अंडे किंवा उसळ घ्यावी.

किडनीबद्दलची भीती अर्धी खरी आहे. निरोगी माणसात या प्रमाणातल्या प्रथिनांनी मूत्रपिंडाचे काम बिघडल्याचे प्रयोगांत दिसलेले नाही. ज्याचे मूत्रपिंड आधीच दुखावलेले आहे, त्याला मात्र जादा प्रथिने बाधतात, मग ती पावडरीतली असोत की मटणातली. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी तपासणी करून घ्यावी.

पावडरीत खरी जोखीम आहे ती डब्यात नेमके काय भरले आहे याची. प्रथिने मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ने गुणतात. त्यामुळे ग्लायसीनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळली की कागदावर प्रथिने जास्त दिसतात, स्नायूंना मिळतात कमी. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या. त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या लेबलावरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली आणि काहींत बुरशीचे विष व कीटकनाशकांचे अंशही सापडले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने स्नायू कमावण्यासाठी पावडरी टाळण्याचा सल्ला दिला. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला तर भेसळीतून आलेल्या बंदी असलेल्या द्रव्याची जबाबदारीही स्वतःलाच घ्यावी लागते.

तरीही पावडरीला जागा आहे. मेसचे जेवण, फिरतीची नोकरी, वयोमानाने मंदावलेली भूक किंवा दात नसल्याने घटलेले जेवण अशा वेळी ताटात २० ग्रॅम कमी पडत असतील, तर ३० ग्रॅमचा एक स्कूप ते भरून काढतो. तो घेण्याआधी आठवडाभराच्या जेवणाचा वरच्यासारखा हिशेब वहीत मांडावा, डब्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल आहे का ते पाहावे, आणि सुटी किंवा सील तुटलेली पावडर घेऊ नये.