हिरण्यकेशीच्या उगमाकडे नेणारा रस्ता

गोव्याला निघालेली बहुतेक कुटुंबं आंबोली घाट तासाभरात मागे टाकतात. धबधब्याशी गाडी थांबते, फोटो निघतात, कणीस खाऊन होतं आणि मंडळी सावंतवाडीच्या वाटेला लागतात. मुलांना घेऊन जाणार असाल, तर या रस्त्याला अख्खा दिवस द्या.

पुणे-बंगळूर महामार्ग संकेश्वरला सोडला, की बांद्याकडे जाणारा हा रस्ता गडहिंग्लज, आजरा करत सह्याद्रीकडे चढू लागतो. हिरण्यकेशी नदी याच पट्ट्यातून उलट दिशेने येते. म्हणजे आपण नदीच्या उगमाकडे चाललेलो असतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. आजऱ्याजवळ रामतीर्थाला ती खडकांवरून फेसाळत उतरते. आजऱ्याचा सुवासिक घनसाळ तांदूळ याच मुलखातला. घरी न्यायला घ्यावा.

आजरा सोडलं की झाडी दाटते. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि सुमारे 690 मीटर उंचीवरच्या आंबोलीत रिते होतात. दरवर्षी सरासरी 7,000 मिलिमीटरच्या आसपास! तेच ढग पूर्वेला सरकेपर्यंत हलके झालेले असतात, म्हणून गडहिंग्लजच्या बाजूला पाऊस कितीतरी कमी.

आंबोली गावापासून थोडं आत हिरण्यकेशीचं देऊळ आहे. गुहेतून पाणी येतं आणि देवळापुढच्या कुंडात साठतं. काठावर जरा स्वस्थ बसलं, की तळाच्या दगडांवर इवलेसे मासे सरकताना दिसतात. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी इथल्या एका माशाची नवी प्रजाती म्हणून नोंद केली आणि तिला नदीचंच नाव दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ही जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. त्या पाण्यात साबण, निर्माल्य, बिस्किटांचा चुरा काहीही जाता कामा नये. मुलांना हे तिथेच, पाणी दाखवून सांगावं.

हिरण्यकेशीचं पाणी घटप्रभेतून कृष्णेला आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागराला जातं. घाटातला धबधबा मात्र कोकणात कोसळतो, त्याचं पाणी अरबी समुद्राचं. एकाच गावच्या पावसाच्या या दोन वाटा नकाशावर बोट ठेवून दाखवल्या, तर पाणलोट म्हणजे काय ते मुलं विसरणार नाहीत.

आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यावर एक भेकही राहतो, झँथोफ्राइन टायगेरिना. 2009 मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. पहिल्या पावसात खडकावरच्या उथळ डबक्यांत त्याची अंडी असतात. ती डबकी रिकामी दिसली, तरी त्यात पाय घालू नका. पावसाळी रात्री बेडूक-भेक रस्त्यावर येतात आणि चाकांखाली चिरडले जातात. धुक्यात चालकाला ते दिसतही नाहीत.

घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेक दाबून तो तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, माकडांना खाऊ देऊ नका आणि अंधार पडायच्या आत पायथ्याच्या दाणोलीला उतरा.